ओलसर जमिनीतलं झाड

ओडानाक,
१६ डिसेंबर १९८६

प्रिय ओदिल,

हे पत्र आपल्या जमातीच्या भाषेत आहे हे बघून तू चष्मा काढशील, पुसशील आणि पुन्हा लावून बघशील. बघ नीट. तेच आहे. गेली सदतीस वर्षं आपण दोघी फोनवर फ्रेंचमध्ये बोलतोय. तुझं ब्लडप्रेशर, माझे गुडघे, तिकडे आल्बनीत बर्फ किती, इकडे किती. आपल्या भाषेत लिहायची मला सवय नाही. शाळेतल्या सिस्टरांनी आपल्याला अक्षरं शिकवली ती परक्यांच्या बोलण्यासाठी. म्हणून मला जसं ऐकू येतं तसं लिहिते आहे. तू मोठ्यानं वाच, म्हणजे कळेल. शेजारणीनं विचारलं, एकटीच काय बडबडतेस, तर सांग तिला, थोरली बहीण बोलायला आलीय.

तुझी एक वस्तू पंचवीस वर्षं माझ्याकडे पडून आहे. आईचा ब्रोच नव्हे, तो तू नेलास हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. दुसरीच वस्तू. ती तुझ्यासाठी दिलेली होती आणि मी ठेवून घेतली. ती आता परत करायची आहे. पण तू मला ओळखतेस, वाईट काही सांगायचं असलं की मी आधी चहाचं आधण ठेवते. तेव्हा आधी गावाकडच्या बातम्या.

यंदा सुगंधी गवत छान आलं. नदीच्या खालच्या अंगाला, जिथे तू एकदा बूट चिखलात सोडून पळाली होतीस, तिथे कमरेएवढं होतं. टोपल्यांसाठी साठ हात वेणी घालून झाली. त्यातला वीतभर तुकडा पाकिटात घातलाय, वास आला ना? वेणी घट्ट आहे, म्हणजे माझी आहे. तुझ्या वेण्या दोन दिवसांत सैल व्हायच्या आणि मग आई माझ्याकडून पुन्हा घालून घ्यायची. चर्चच्या मागे राहणाऱ्या नोएल म्हाताऱ्यानं गेल्या महिन्यात मला तिसऱ्यांदा लग्नाचं विचारलं. चौऱ्याऐंशीचा आहे. मी म्हटलं, “आधी कानाला यंत्र लाव, मग माझं उत्तर ऐकू येईल.” त्यावर तो म्हणतो, “म्हणूनच लावत नाही.” आणखी एक बातमी तुझीच आहे. कौन्सिलच्या ऑफिसातल्या बाईनं सांगितलं की जमातीच्या सरकारी यादीत तुझं नाव परत चढलं. बाहेरच्याशी लग्न केलंस म्हणून सरकारनं खोडलं होतं, आता कायदा बदलला, तू अर्जावर सही करून पाठवलीस. उद्या तू इथे येऊन राहिलीस तर कुणाची हरकत नाही. तुझी सही आली, तू काही आली नाहीस. मी फोनवर विचारलंही नाही. यादीमुळे तू येत नव्हतीस असं मला कधी वाटलंच नाही. तू येत नाहीस ती आपल्या घराच्या दारामुळे.

त्याआधी मला ते पांढऱ्या डोंगरांमधलं हॉटेल आठवतं. दर उन्हाळ्यात आपण टोपल्यांचे गठ्ठे घेऊन आगगाडीनं जायचो आणि हॉटेलच्या मागे तंबू ठोकायचो. मी तेरा-चौदाची असेन, तू नऊची. सकाळपासून मी पट्ट्या कापायची, विणायची, बोटांना चिंध्या बांधायची. आणि तू दोन टोपल्या हातात घेऊन व्हरांड्यातल्या बायकांपुढे उभी राहायचीस, तोंडातून एक शब्द न काढता, नुसती हसून. पाच मिनिटांत टोपल्या खलास. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, “हर्मिन विणते आणि ओदिल विकते.” लोक हसायचे. मीही हसायची. पण खरं सांगू, ते वाक्य मला दर वेळी टोचायचं. आणि हेही खरं, की हॉटेलच्या स्वयंपाकीणबाईनं तुला केकचा तुकडा दिला की तू अर्धा रुमालात बांधून माझ्यासाठी आणायचीस. लोकर चिकटलेला, चेपलेला केक. तू एकदाही अख्खा खाल्ला नाहीस. मी तुझा राग करायला बसले की हा केक आड यायचा.

आता त्या दाराबद्दल. तू ते बाहेरून पाहिलंस, मी आतून. एकोणपन्नास सालचा वर्षाचा पहिला दिवस होता. सकाळपासून गाव आपलं एकमेकांच्या घरी फिरत होतं, या दिवशी फिरतं तसं. दाराला कडी नव्हती. बाबा स्टोव्हजवळ खुर्चीत होते. लोक आत यायचे, बूट आपटून बर्फ झाडायचे आणि म्हणायचे, आन्हाल्दामावी कासी पालिलावालियन. तुझं माझ्या हातून जे काही वाईट झालं असेल ते मला माफ कर. बाबा उठून तेच उलट म्हणायचे, मी डोनटची थाळी पुढे करायची. ज्या दोन भावांनी मासेमारीच्या जाळ्यावरून वर्षभर तोंडं फिरवली होती तेसुद्धा आले, एकमेकांना म्हणाले, आणि खाऊन गेले. त्या दिवशी समोरच्याला उत्तर न देणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

मग तू आलीस. तुझा नवरा रेमों कागदाच्या गिरणीतल्या अपघातात जाऊन चार महिने झाले होते. अंगावर काळा कोट, कडेवर तीन वर्षांचा पॉल. लग्नानंतरच्या सात वर्षांत पहिल्यांदा तू त्या दारात उभी होतीस. तू सगळे शब्द नीट म्हणालीस, आवाज न कापता, एकही न गाळता. बाबा उठले, तुझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “बोंझूर, मादाम.” नदीपलीकडचा फ्रेंच विक्रेता दारात आला की म्हणायचे तसं. आणि दार लावलं. आपटलं असतं तरी बरं झालं असतं. त्यांनी ते अगदी हळू लावलं, पाहुण्याला त्रास नको म्हणून लावावं तसं.

मी थाळी धरून उभी होते. दार माझ्यापासून पाच पावलांवर होतं. मी धावत येऊन तुला मिठी मारू शकले असते. मी बाबांना घाबरले, हे तू ओळखलं असशीलच. पण दुसरंही एक मनात येऊन गेलं होतं. आता या घरात एकच मुलगी राहिली, असं. ते क्षणभरच होतं, पण होतं. दुपारी मी बाबांना म्हटलं, “बाबा, असं का केलंत?” ते म्हणाले, “ती गेली ना त्यांच्यात? मग त्यांच्यासारखंच बोलायचं तिच्याशी.” त्यानंतर त्या दिवशी जे कोणी आले त्यांच्याकडे बघून ते नुसती मान हलवत होते. आणि तू तेव्हापासून माझ्याशी फ्रेंच बोलायला लागलीस. मी कधी का म्हणून विचारलं नाही.

बारा वर्षं गेली. एकसष्ट सालच्या पानगळीत अमेरिकेतल्या कुठल्याशा युनिव्हर्सिटीतून मिस एलेनर म्हणून एक मुलगी आली. तिला आपली भाषा टेपवर भरून न्यायची होती. यंत्र असं जड, की तिनं आणि मी दोघींनी मिळून घरात आणलं. बाबा शहात्तर वर्षांचे झाले होते, जिन्याच्या चार पायऱ्या चढले की दम लागायचा. तिला टोपल्यांचं काम ऐकायचं होतं. बाबा खूश. अ‍ॅशचं झाड कसं निवडायचं, लाकडाचे थर सुटावेत म्हणून ओंडका कसा ठोकायचा, विणायची पट्टी कशी सोलायची, दोन दिवस सांगत होते. मी शेजारी बसून फ्रेंचमध्ये करून सांगायची आणि ती वहीत उतरवायची. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, “कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकायचं, आणि एका टोकापासून सुरू करायचं. बोटभर जागा सोडायची नाही. एखादी जागा सुटली तर वरून कळत नाही हो, पण सोलायला गेलं की पट्टी नेमकी तिथेच फाटते.” एवढं बोलून ते थांबले. यंत्राच्या चकत्या फिरत होत्या. मग ते पुन्हा बोलायला लागले, त्याच आवाजात, यंत्राकडे बघत, पण ते झाडाबद्दल नव्हतं. ते तुझ्याशी बोलत होते.

झाल्यावर मिस एलेनरनं मला विचारलं, “आता काय म्हणाले ते?” मी म्हटलं, “म्हणतात, झाड ओलसर जमिनीतलं निवडावं.” तिनं ते वहीत लिहून घेतलं. बाबांना फ्रेंच येत होतं, पण खोकल्याची उबळ आली होती आणि मी त्यांना पाणी देता देता हळूच बोलले. त्यांना कळलं नाही. त्यांना वाटलं, निरोप दिला, आता पोचेल.

का केलं, हे मी स्वतःला खूपदा विचारलंय. बाबा दर वर्षी माझीही माफी मागायचे गं. कशी, तर बुटाची नाडी सोडता सोडता, सूपच्या पातेल्याकडे बघत, एका दमात. त्यांचा खोकला मी ऐकला, पट्ट्या मी भिजवल्या, नदीवरचा बर्फ फुटायच्या दिवसांत ओंडके मी ओढले. आणि जीव ओतून मागितलेली माफी गेली कुणाच्या नावावर, तर तुझ्या, जी खोलीत नव्हती. मला राग आला. आणि रागापेक्षा भीती जास्त होती. तू हे ऐकलंस तर येशील, आणि तू आलीस की पुन्हा हर्मिन विणते आणि ओदिल विकते. चव्वेचाळीस वर्षांची बाई मी, आणि तेरा वर्षांच्या मुलीसारखी वागले.

त्यापुढचं सांगणं सगळ्यात कठीण आहे. बाबा वाट बघत राहिले. महिन्या-पंधरा दिवसांनी विचारायचे, “ओदिलचं काही पत्र?” मी नाही म्हणायची. “फोन?” नाही. एकदा म्हणाले, “तिचंही बरोबर आहे म्हणा.” दीड वर्ष असं चाललं, आणि ते गेले. तू उत्तर दिलं नाहीस असं समजून गेले. तू दफनाला आलीस, चर्चमध्ये शेवटच्या बाकाशी उभी राहिलीस. तुझा हात धरून सांगायला मला तेव्हा किती वेळ लागला असता? मी म्हटलं, “काही तरी खाऊन जा,” तेही फ्रेंचमध्ये. तू मान हलवलीस आणि बस गाठायला निघून गेलीस.

गेल्या बुधवारपर्यंत मी हे असंच झाकून जगले, आणि लपलंही असतं. आता चर्चच्या तळघरात बुधवारी भाषेचा वर्ग भरतो. शिकवते आपल्या केटची मुलगी लुसिल, तिनं आजीकडून उचललं तेवढं. विद्यार्थी नऊ, सगळे चाळिशी-पन्नाशीचे, पोटं सुटलेले. मी आणि नोएल कोपऱ्यात बसतो, अडलं तर विचारायला. लुसिल म्हणाली, “मावशी, आज तुमच्यासाठी गंमत आहे,” आणि तिनं टेबलावर कॅसेट ठेवली. त्या युनिव्हर्सिटीनं जुन्या टेपांच्या प्रती करून पाठवल्या होत्या, सोबत मिस एलेनरच्या वहीची पानं. मला पळून जावंसं वाटलं. पण गुडघे तुला माहीत आहेत.

आधी बाबांचा खोकला आला. ओदिल, मी तो ऐकून उठायलाच लागले, पाणी द्यायला. मग आवाज आला. कुऱ्हाडीची पाठ, बोटभर जागा, सुटलेली जागा. लुसिल पानावर बोट ठेवून वाचत होती, नऊजणांना दहातला एक शब्द कळत होता, नोएल पेंगत होता. मी मनात म्हणत होते, पुढचं कुणाला कळणार आहे? मी पुन्हा ओलसर जमीन म्हणेन, आणि सुटेन. पण डिसेंबर आहे ना. लुसिलनं महिनाभर त्यांच्याकडून एकच वाक्य घोटून घेतलं होतं, वर्षाच्या पहिल्या दिवशी घरोघरी म्हणायचं. बाबांच्या तोंडून ते वाक्य आलं तशी त्या नऊजणांनी ते ओळखलं आणि त्यांच्याबरोबर मोठ्यानं म्हटलं. आन्हाल्दामावी कासी पालिलावालियन. उच्चार गचाळ, एक पुढे, एक मागे, आणि मधे बाबांचा आवाज. त्यांना इतका आनंद झाला की ते टाळ्या वाजवायला लागले.

लुसिलनं टेप थांबवली. एकदा पानाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. “मावशी, इथे तर ओलसर जमीन लिहिलंय.” टाळ्यांनी नोएल जागा झाला होता. त्यानं कुणाला तरी विचारलं, काय चाललंय, आणि मला म्हणतो, “काय गं, तुझा बाप झाडाची माफी मागत होता काय?” सगळे हसले. मला हसू आलं नाही, रडूच आलं. मग मी लुसिलला म्हटलं, मागे घे, पुन्हा लाव. आणि या वेळी मी शब्दन् शब्द सांगितलं, त्या सगळ्यांच्या देखत. घरी सोडताना लुसिल एवढंच म्हणाली, “मावशी, ओदिलमावशींना कळवाल ना?” आणि नोएलनं, ज्याला कधी काही ऐकू येत नाही, माझा हात स्वतःच्या कोटाच्या खिशात घालून धरला.

तर ओदिल, तुझी वस्तू ही. मी एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही. मोठ्यानं वाच.

“ओदिल, पोरी, तू दारात आली होतीस आणि मी तुला उत्तर दिलं नाही. तुझं बोलणं अगदी बरोबर होतं. माझ्याकडून सुटलेली जागा आहे ती. माझे पाय आता तुझ्या दारापर्यंत येणार नाहीत, म्हणून या यंत्रात बोलतो, हे म्हणे लांबवर पोचतं. तुझं माझ्या हातून जे वाईट झालं ते मला माफ कर. पोराला इकडे घेऊन ये, मी त्याला ओंडका ठोकायला शिकवीन.”

मी अजून तुझी माफी मागितलेली नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. ती कागदावर मागता येत नाही. बर्फातून जावं लागतं, समोर उभं राहावं लागतं. माँट्रियलहून एकतीस तारखेची रात्रीची बस आहे, मी तिकीट काढलंय. लुसिलनं दिलेली कॅसेट पर्समध्ये ठेवली आहे. एक तारखेला सकाळी मी तुझ्या दारात असेन. आधी बाबांचं म्हणेन, मग माझं. हे पत्र त्यासाठी नाही. हे अशासाठी, की त्या दिवशी तुला कुणी विचार करायला वेळ दिला नव्हता, आणि तुझ्याकडे आता चांगले आठ-दहा दिवस आहेत. तू दार उघडून “बोंझूर, मादाम” म्हणालीस तर मी समजेन. संध्याकाळी परतीची बस आहे, तीही मी बघून ठेवली आहे. तू हक्कानं म्हण, मी वाईट वाटून घेणार नाही. म्हणजे घेईन, पण तुला दिसू देणार नाही. आणि दुसरं काही म्हणावंसं वाटलं, तर शब्द तुला आठवतात, मला माहीत आहे. तू त्या दिवशी एकही गाळला नव्हतास. माझ्या पिशवीत डोनट असतील, आणि केकचा एक तुकडा, रुमालात बांधलेला.

तुझीच थोरली,
हर्मिन